माणसं हलतात

शनिवार, ४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू पाठवलेली मुलगी सुखरूप पोहोचली. आईचा हात धरून ती ट्रॅकवरच्या माझ्या वेळ मोजायच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि पाठांतर म्हणावे तसे म्हणाली, "सरांनी सांगितलंय, काचेच्या खोलीत चष्मा लावून पुस्तक वाचत बसलेली बाई दिसेल. ती माझी बहीण." म्हणजे इतक्या काळात माझ्यात काही बदल झाला नसणार, याची तुला खात्री होती. ती खरी ठरली, याचा मला थोडा रागच आला.

सोबत तुझी चिठ्ठी. तीन वर्षांतले तुझे पहिले अक्षर, आणि त्यात दोनच शब्द : ‘हिला सांभाळ.’ तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र निदान खणखणत तरी नाही.

तिला तुम्ही भिंगरी म्हणता, हे तिच्या आईकडून कळले. पहिल्या दिवशी तिची गो-कार्ट इतक्या वेळा गरकन फिरली, की तूच ते नाव ठेवलेस म्हणे. आज मात्र ती एकदाही फिरली नाही. कोपरे अंगाशी, मान वळणाच्या आधी वळलेली, आणि वळण संपताच खांदे एकदम सैल. मी घड्याळावरचे आकडे सोडून तिच्या खांद्यांकडेच पाहत बसले. ते खांदे मी पाहिलेले आहेत.

बाबांनीही ओळखले. ते इंजिने तपासायला आले होते. कठड्याला टेकून त्यांनी तिच्या दोन-तीन फेऱ्या पाहिल्या आणि ती खाली उतरल्यावर विचारले, "कुणाकडे शिकतेस गं?"

"सरांकडे."

"सरांना नाव नाही का?"

"आहे, पण आम्ही घेत नाही. ते ओरडतात."

एरवी बाबा हसले असते. त्यांनी हात पुसायचे फडके खांद्यावर टाकले आणि इंजिन तसेच उघडे ठेवून ते निघून गेले. घरी आईने भाजी परतता परतता हळूच विचारले, "मुलगी अंगाने कशी आहे? नीट जेवते ना?" तिला मुलीबद्दल विचारायचे नव्हते, हे तुला सांगायला नकोच.

दुपारी भिंगरीने मला गाठून विचारले, "ताई, सर खरंच मोठ्या गाड्या चालवायचे?" तू मुलांना काहीच सांगितलेले नाहीस तर. मग मीच सांगितले. आठव्या वर्षी पाठीमागे उशी खोचून पहिल्यांदा कार्टमध्ये बसलास. चौदाव्या वर्षी इथले सगळे चषक जिंकून झाले, आणि आईने कपाटातल्या साड्या हलवून त्यांना जागा केली. सतराव्या वर्षी समुद्रापार फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतींत गेलास. दोन हंगाम झाले आणि प्रायोजक मागे हटला. परत आलास आणि ‘दुसरी गाडी मिळेपर्यंत’ धाकट्या ठिपक्याला शिकवू लागलास. तिथे मी थांबले. भिंगरी म्हणाली, "मग मिळाली का दुसरी गाडी?" मी म्हटले, "तुझ्या हेल्मेटची काच पूस, धूळ बसलीय."

आता मुद्दा लिहिते. बारा तारखेची शर्यत ही जुन्या डांबरावरची शेवटची. त्यानंतरच्या शनिवारी, अठराला, रोलर येणार आणि सगळा रस्ता उखडून नवा होणार. तू त्याआधी एकदा ये. त्या दिवसानंतर तू ट्रॅकवर पाऊल ठेवले नाहीस. ठिपक्याची शेवटची जागा न पाहताच ती पुसली जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुझी,
ताई
(मी तुझ्याहून धाकटी, तरी ठिपका मला ताई म्हणायचा म्हणून तूही म्हणायला लागलास. ते मोडू नये.)


बुधवार, ८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

उत्तराची वाट पाहायला अजून वेळ झालेला नाही, हे मला समजते. तरीही लिहिते आहे, कारण आज एक गोष्ट कळली. ती तुझ्याकडूनच कळायला हवी होती.

इथली मुले लांब रस्त्याच्या शेवटच्या वळणाबद्दल कशी बोलतात, ते तुला ठाऊक नसेल. "दादाच्या आधी ब्रेक लावलास तर मागे पडशील," "आज मी दादाच्या पुढे जाऊन ब्रेक लावला." यातल्या एकानेही तुला पाहिलेले नाही. ठिपक्याला शिकवताना कुंपणापलीकडे तू जिथे उभा राहायचास, त्या जागेचे नावच ‘दादा’ पडले आहे. मोठ्यांकडून धाकट्यांकडे, तसे ते चालत आले.

भिंगरी बिचारी गोंधळली. "ताई, सगळे म्हणतात दादा बघ, दादा बघ. मी तीनदा पाहिलं. तिथे कुणीच नाही." मुले खो खो हसली. मग एकाने समजावले, "अगं वेडे, दादा म्हणजे माणूस नाही, जागा आहे. माझा भाऊ सांगतो, पूर्वी तिथे खराच एक दादा उभा असायचा."

ती म्हणाली, "शी! माणसावर कुणी ब्रेक लावतं का?"

आणि पुढे तिने तुझा धडा घडाघडा म्हणून दाखवला : "ब्रेकची खूण झाडावर धर, खांबावर धर, जमिनीवर धर, माणसावर कधी धरू नकोस. माणसं हलतात."

मी तिला विचारले, हे सर का सांगतात. तिने सहज सांगितले, जसे गणिताच्या पुस्तकातले उदाहरण सांगावे. एक माणूस होता. तो ब्रेकच्या जागी उभा राहायचा, आणि एक मुलगा त्याच्यापाशी पोहोचला की ब्रेक लावायचा. एक दिवस त्या माणसाला फोन आला, फार दिवसांपासून हवा असलेला फोन. बोलता बोलता तो वळणाच्या दिशेने काही पावले चालत गेला. मुलगा त्याच्यापर्यंत आला, तेव्हा ब्रेक लावायला उशीर झाला होता.

"मग?" मी विचारले.

"मग सर म्हणतात, चला, गाड्या सुरू करा."

दादा, मी वेळेच्या खोलीत गेले, दार लावले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. प्रत्येक सत्राच्या यादीत तळाशी ठिपक्याचा क्रमांक अजून येतो, पुढे वेळेची जागा रिकामी. तो काढून टाकायला एक कळ दाबावी लागते. ती मी दाबत नाही.

अपघाताच्या चौकशीत स्पष्ट म्हटले होते, की पुढच्या कार्टच्या इंजिनातले तेल रस्त्यावर सांडले होते. आम्ही तेच मानत आलो. तू तो निकाल ऐकायला थांबलाच नाहीस. आणि परदेशातल्या संघाने बोलावले होते, तू नकार दिलास, हे नंतर जेव्हा बाबांच्या कानावर आले, तेव्हा ते जे बोलले, ते मी आजवर तुला लिहिले नव्हते. ते म्हणाले होते, "एक गेला, दुसरा भ्याला." आईने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासमोरून ताट उचलून नेले.

म्हणजे त्या संघाचा फोन त्याच वेळी आला होता. तू भ्याला नव्हतास. तू स्वतःला शिक्षा केलीस, आणि ती कशाबद्दल हे कुणालाही कळू दिले नाहीस.

मला एक गोष्ट आठवते आहे, पण ती आज लिहिणार नाही. आधी पडताळून पाहते. तू नेहमी म्हणायचास ना, पुस्तकातली माणसे पडताळून पाहत नाहीत.

तुझी,
ताई


शुक्रवार, १० ऑक्टोबर

प्रिय दादा,

आज मी कार्टमध्ये बसले. हसून घे.

ठिपक्याची कार्टमधली बैठक बाबांच्या शेडमध्ये भिंतीवरच्या खिळ्याला आहे. ती बनवली तो दिवस तुला आठवत असेल. तू फेस पिशवीत ओतलास, त्याला त्यावर बसवलेस आणि दटावलेस, "घट्ट होईपर्यंत हलायचं नाही." तो म्हणाला, "नाक खाजतंय." तू त्याचे नाक खाजवून दिलेस. त्याच्या पाठीचा आकार तिच्यात जसाच्या तसा आहे. तो जरा डावीकडे कलून बसायचा, म्हणून डावी बाजू खोल आहे. तीन वर्षे मी त्या भिंतीकडे पाठ करून चहा पीत आले.

शेडमधल्या वस्तादांना मी म्हटले, ही बैठक कुठल्याही कार्टवर चढवा आणि मला लांब रस्त्यावरून ढकलत न्या. वस्तादांचे केस पिकले, पण जीभ तशीच आहे. "बाई, ग्रंथालयाचा रस्ता तिकडे आहे," ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून पाना शोधू लागले.

मी त्या आकारात मावत नाही. खांदे बाहेर राहिले, पण कंबर नेमकी त्याच्या कमरेच्या जागी बसली. थंड होती. पहिल्यांदा वाटले, कुणाच्या तरी मांडीवर बसते आहे. वस्ताद मागून ढकलत होते, चाकांचा करकर आवाज येत होता. डोळे जमिनीच्या इतके जवळ आले, की माझ्या ओळखीचा रस्ता मला अनोळखी वाटू लागला. तुझी ती जागा जवळ आली. आणि तिच्या बरोबर समोर, कमरेत, ‘टक्’ असा एक बारीक धक्का बसला.

मी म्हटले, "मागे घ्या. परत." पुन्हा तिथेच टक्. तिसऱ्या वेळी वस्ताद म्हणाले, "पाण्याचा पाइप टाकला होता इथे, चर बुजवलाय. खाली उतरून पाहिलंत तर दिसणारही नाही. बुडालाच कळतो."

दादा, हा चर तू परदेशात असताना खणला गेला. परत आल्यावर तू कार्टमध्ये एकदाही बसला नाहीस. आता मावणार नाही म्हणालास आणि कुंपणापलीकडून शिकवलेस. म्हणून तुला हा चर माहीत नाही. ठिपक्याला माहीत होता.

आता ती आठवण लिहिते. एका सुट्टीच्या दुपारी मी वाचत पडले होते आणि तो माझ्या पोटावर डोके ठेवून मला वाचू देत नव्हता. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, एक गंमत सांगू? दादाला वाटतं मी त्याला बघून ब्रेक लावतो. मी कुठे बघतो त्याच्याकडे! तिथे रस्त्यात एक टक् आहे. बुडाखाली टक् झालं की मी ब्रेक लावतो. दादा नेमका तिथेच उभा असतो." मी विचारले, मग त्याला सांगत का नाहीस? तो म्हणाला, "नको गं. उन्हात किती वेळ उभा असतो बिचारा. त्याला वाईट वाटेल."

मी हसले आणि पान उलटले. मला ती लहान मुलाची गंमतच वाटली. तू त्या दिवशी हललास, हे मला ठाऊक नव्हते. आणि तो तुझ्याकडे पाहत नव्हता, हे तुला. दोन अर्धी वाक्ये आपण दोघांनी दोन गावांत सांभाळून ठेवली.

त्या दिवशी त्याने नेमके काय केले, याची शपथ मी घेणार नाही. त्याची सवय मला माहीत आहे, एवढेच म्हणते. मी तुझे सांत्वन करण्यासाठी हे रचले आहे असे तुला वाटेल. मीही तुझ्या जागी तसेच समजले असते. म्हणूनच म्हणते, ये आणि तो टक् स्वतः अनुभव. अठराला रोलर आला, की माझ्या शब्दांखेरीज काहीच उरणार नाही, आणि माझ्या शब्दांवर तू कधीच फारसा विश्वास ठेवला नाहीस.

तुझी,
ताई


सोमवार, १३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

हे पत्र भिंगरीच्या हाती देते आहे. आधीची पोहोचली की नाही, तू उघडलीस की नाही, मला कळायला मार्ग नाही. हे ती तुझ्यासमोर उभी राहून देईल. ती फार चिवट आहे. तू वाचेपर्यंत हलणार नाही.

शर्यतीत ती दुसरी आली. आता तुझे डोळे कोरडे ठेवून पुढचे वाच.

तुझ्या वळणावरचा निशाणवाला ऐनवेळी आला नाही. व्यवस्थापक खोलीत डोकावून म्हणाले, "कुणीतरी पिवळं निशाण घेऊन उभं राहायला हवं, नाहीतर शर्यत सुरू करता येणार नाही." मी पुस्तकात खूण घातली आणि उठले. त्यांना वाटले मी पाणी प्यायला निघाले. चार माणसांत ‘हजर’ म्हणतानाही ज्या मुलीचा आवाज फुटत नसे, ती ‘दादा’वर जाऊन उभी राहिली.

निशाणवाल्याला दोन नियम असतात : जागा सोडायची नाही, आणि येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. मी दोन्ही पाळले. त्यामुळेच एक गोष्ट माझी कायमची हुकली.

शर्यतीच्या मध्यावर माझ्या मागे कुणीतरी येऊन उभे राहिले. गाड्यांच्या आवाजात पाऊल ऐकू येणे शक्य नव्हते, तरी कळले. बसल्या जागी पुस्तकात कुणी मागून डोकावले की कळते, तसे. मला वाटले, तू आलास. वळून पाहावे असे इतके वाटले, की मान दुखू लागली. पण समोरून गाड्या येत होत्या, आणि त्या जागी उभ्या असलेल्या माणसाने हलायचे नसते, हे या घरात मला आता सगळ्यांत चांगले ठाऊक आहे. मी समोर पाहतच म्हटले, "बरं झालं आलास." शेवटची गाडी गेली, मी वळले. गवत होते, कुंपण होते.

शर्यतीनंतर भिंगरी धावत आली. माझ्याबद्दल तिने काही विचारले, ते इथे लिहीत नाही. समोर असशील तर सांगेन.

घरी येऊन मी बाबांना त्या फोनबद्दल सांगितले. चराबद्दलही सांगितले. ते इंजिनाचा नट फिरवत होते, तो फिरवत राहिले. घट्ट झाल्यावरही फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मला सांगितलं का नाही त्याने?" मी म्हटले, "तुम्ही विचारलं नाहीत." मोठ्यांना असे बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलली."

ये.

तुझी,
ताई


शनिवार, १८ ऑक्टोबर
(स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली)

दादा,

तू झोपला आहेस. तुला उठवायला आई कुणालाच देत नाही. मला ट्रॅकवर आधी पोहोचायचे आहे, म्हणून ही चिठ्ठी. तोंडाने मला हे सांगता आले नसते. तुझ्याशी बोलताना मी नेहमी महत्त्वाचे सोडून देते.

काल तू बसमधून उतरलास आणि घरी न येता सरळ ट्रॅकवर गेलास, तेव्हा मी काचेतून पाहत होते. तू बैठकीत मावला नाहीस. मग तू रस्त्यावर आडवा झालास आणि तळहाताने डांबर चाचपू लागलास, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे. मी खाली यायला निघाले होते, पण बाबा आधी पोहोचले. मला वाटले, आता काय बोलतात. ते म्हणाले, "ऊठ. कपडे खराब होतील." तू उठला नाहीस. मग तेही गुडघे धरत खाली बसले, त्यांनी तुझा हात धरून दोन वीत बाजूला सरकवला आणि म्हणाले, "इथे." मी परत खोलीत गेले. ते मी पाहायचे नव्हते.

रात्री तू दोनदा भात वाढून घेतलास. त्यावर कुणी काही बोलले नाही. तीन वर्षांत या घरात कुणी इतके छान गप्प बसले नव्हते.

आता भिंगरीने काय विचारले ते.

शर्यत चालू असताना ती माणसांकडे पाहत नाही, तुझाच धडा. पण शेवटच्या निशाणानंतर गाड्या हळू परत येतात, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून हात केला होता. नंतर म्हणाली, "ताई, तुमच्या मागे कोण उभं होतं?"

मी विचारले, "सर होते का?"

ती हसली. "सर कसे असतील? सर केवढे उंच! हा तर तुमच्या खांद्याला लागत होता. डावीकडे कलून उभा होता. मी हात केला, पण त्याने केला नाही. अजिबात हलत नव्हता."

कुणाच्या तरी घरचा मुलगा असेल, कुंपण ओलांडून आला असेल. मी तेच मानायचे ठरवले आहे. परीक्षेत विचारले तर तेच लिहीन. पण तुझ्यासाठी म्हणून सांगते : तो जो कोणी होता, तो तुझी वाट पाहणाऱ्यासारखा उभा नव्हता, असे भिंगरी म्हणते. ती म्हणते, कुणाची तरी जागा धरून ठेवावी तसा उभा होता.

रोलर सकाळी दहा वाजता येईल. चहा झाकून ठेवला आहे. उठलास की ट्रॅकवर ये, त्या जागेवर थोडा वेळ उभा राहा, आणि मग तिथून चालत वर माझ्याकडे खोलीत ये. मी काचेतून पाहत असेन.

आता हललास तरी चालेल.

ताई